फक्त ४५ दिवसांत

परदेशात इंग्रजी शिकवायची नोकरी लागायला किती दिवस लागतात, हे तुम्ही कुणाला विचारता त्यावर आहे. एजंट म्हणतो ४५. आई म्हणते, "दिवाळी होऊ द्या." सासुरवाडीचे लोक काहीच म्हणत नाहीत, चहा पुढे करतात. आणि ज्याला खरोखर लागली आहे तो उलट आपल्यालाच विचारतो, "मोजायचं कुठून?"

प्रश्न बरोबर आहे. अर्ज टाकल्यापासून मोजलं तर काही महिने होतात. अर्ज टाकावा असं पहिल्यांदा वाटलं तिथून मोजलं तर काही वर्षं. आणि मराठवाड्यात खरा हिशेब करायचा तर पाचवीपासून करावा लागतो. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधीच्या माणसाची एबीसीडी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला सुरू झाली. जी भाषा दहाव्या-अकराव्या वर्षी पहिल्यांदा पाहिली, तीच चाळिशीला टेकताना दुसऱ्या खंडातल्या पोरांना शिकवायला निघायचं, यात जो काळ जातो त्याला ४५ दिवस म्हणणं म्हणजे पंढरीच्या वारीत चंद्रभागेतली डुबकी तेवढी मोजणं.

आमचे एक सर आहेत. मूळचे लातूरचे, नोकरीला नांदेडला. नोकरी म्हणजे तासिका तत्त्वावर, जिला सगळे सीएचबी म्हणतात. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. नांदेड-लातूर एसटीत कुणी मागून "ओ सर" अशी हाक मारली तर अर्धी गाडी वळून बघते, आणि उरलेली अर्धी बीएड करत असते.

सर परदेशाकडे का वळले हे कळायला लातूरच्या ट्यूशन एरियात उभं राहून वर बघावं लागेल. फिजिक्सचे सर दोन मजली आहेत. केमिस्ट्रीचे सर हाताची घडी घालून आख्खी इमारत झाकतात. बायोलॉजीच्या मॅडम गेल्या वर्षीच्या पोरांच्या मार्कांमध्ये उभ्या आहेत. इंग्रजीचे सर कुठे दिसत नाहीत. दिसतील, नजर खाली आणा. त्या बॅनरच्या सावलीला निलंगा राईस खात असतील. लातूरचं इंग्रजीशी भांडण मुळीच नाही. पण नीटच्या पेपरात फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी आहे, इंग्रजी नाही. आणि जे नीटला नाही ते लातूरला नाही. बारावीच्या इंग्रजीला इथला पोरगा जेवढा वेळ देतो तेवढा तो मेसच्या डब्याची वाट बघायलाही देतो.

गंमत अशी, की हे सगळं उभं राहिलं त्यात एका इंग्रजीच्या प्राध्यापकाचाच मोठा हात. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य जनार्दन वाघमारे हे इंग्रजीचे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्यावर मराठीत लिहिणारे. ते १९९४ साली नांदेडला निघालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, लातूरचे नगराध्यक्ष झाले, राज्यसभेत गेले. म्हणजे इंग्रजीच्या माणसाला लातूर-नांदेडच्या हद्दीत राहून काय काय होता येतं याचा जिवंत पुरावा समोर होता, आणि आमच्या सरांनी तो बीएला असतानाच मनावर घेतला. मग एमए, बीएड, सेट, पीएचडी असं ओळीने करत गेले. पीएचडीचा विषय डायस्पोरा, म्हणजे घरदार सोडून परमुलखात गेलेल्यांचं साहित्य. विष्णुपुरीच्या ग्रंथालयात बसून पाच वर्षं त्यांनी स्थलांतरिताच्या वेदनेचा अभ्यास केला. ती वेदना आपल्याला कुठे मिळेल, यासाठी अर्ज नंतर सुरू केले.

मधल्या काळात इथे काही प्रयत्न केले नाहीत असं नाही. २०१२ च्या मे महिन्यात राज्यातली शिक्षकभरती थांबली. २०१७ च्या डिसेंबरात अभियोग्यता चाचणी झाली, तिला सगळे टेट म्हणतात: २०० प्रश्न, २०० गुण. तिची पहिली निवड यादी लागायला २०१९ उजाडलं. पुढची टेट २०२३ मध्ये, तिची यादी २०२४ च्या फेब्रुवारीत. पहिल्या टेटच्या वेळी बालवाडीत असलेली सरांची मुलगी दुसऱ्या टेटला चौथीत होती आणि वडिलांना बुद्धिमत्तेची गणितं सोडवून देत होती. या भरतीच्या पोर्टलचं नाव 'पवित्र' ठेवलंय ते उगाच नाही. पवित्र जागी माणूस मागतो आणि घरी येऊन वाट बघतो.

तर परदेश. सरांनी आधी नकाशा न बघता पगार बघितला, म्हणून सुरुवात दक्षिण कोरियापासून झाली. तिथला इंग्रजी शिक्षकांचा व्हिसा मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. ज्यांच्या घरात इंग्रजी बोलतात ते देश. सरांच्या घरात इंग्रजी बोलतात, पण फक्त मुलीला कळू नये म्हणून, आणि ते आता तिलाही कळतं. भारताशी झालेल्या आर्थिक भागीदारी करारामुळे १ जानेवारी २०१० पासून भारतीय माणसालाही सहायक शिक्षक म्हणून कोरियाचं दार कागदोपत्री उघडलेलं आहे. कागदोपत्री म्हणजे काय, हे मराठवाड्याच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. कागदोपत्री आमच्याकडे बारमाही कालवे आहेत.

मग आखात. तिथे सीबीएसईच्या भारतीय शाळा भरपूर, पण त्यांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि शिक्षक शोधायचं काम हिवाळ्यातच उरकतं. आपला माणूस मात्र जूनला जागा होतो. पाऊस पडला, शाळा भरली, सीएचबीच्या जाहिराती आल्या, त्यात आपलं काही नाही हे कळलं, की तो मस्कतला अर्ज करतो. मस्कतला तेव्हा सगळ्या जागा भरून, फळे पुसून झालेले असतात.

बरं, इंग्रजी येतं याचा दाखला पाहिजे. एमए इंग्रजी, पीएचडी इंग्रजी, वीस वर्षांत हजारो पोरांना 'द' आणि 'धी' शिकवलेलं, हे काही धरत नाहीत. आयईएलटीएस द्या म्हणतात. सरांनी दिली, बरे गुण पडले. पण तो निकाल दोनच वर्षं चालतो. आपल्याकडचं शिक्षक पात्रता परीक्षेचं, म्हणजे टीईटीचं, प्रमाणपत्र आता आजन्म चालतं. म्हणजे आपल्या सरकारच्या मते माणूस शिकवायचं कधी विसरत नाही, आणि इंग्रजांच्या मते इंग्रजी दोन वर्षांत विसरतो. सरांना दोन्ही पटतं. वर्गात इंग्रजी मराठीतून शिकवण्यात त्यांची कितीतरी दोन-दोन वर्षं गेली आहेत.

घरच्यांचा वेळ वेगळाच. सरांचे वडील, ज्यांना गावात अण्णा म्हणतात, ते पहिल्यापासून या प्रकाराकडे संशयाने बघत होते. एक दिवस त्यांनी विचारलं, "किती मागू लालेत?"

"कोण?"

"शाळावाले. तिकडचे."

"काहीच नाही मागत, अण्णा. उलट तिकीट देतेत."

अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. "मंग फसवणूक हाय ही," म्हणाले.

त्यांचं चुकलं नव्हतं. आपल्याकडे संस्थेत चिकटायचं तर आधी आकडा ठरतो, मग मुलाखत. आकडा नाही म्हणजे जागाच नाही, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. सरांनी सांगून पाहिलं की परदेशी पाठवणाऱ्या नोंदणीकृत एजंटाला सुद्धा कायद्याने ३० हजार आणि वर जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाहीत. त्यावर अण्णा खिन्न झाले. "तीस हजारात इथं शिपाई पण होत नाही रं. कसली शाळा आसंल ती!"

तरी बापाचा जीव. पुढच्या आठवड्यात ते साहेबांच्या बंगल्यावर जाऊन बसले आणि शिफारसपत्र घेऊन आले. "सदर उमेदवार माझ्या परिचयाचे असून होतकरू आहेत, तरी त्यांच्या प्रकरणी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा." खाली सही, शिक्का, आणि वर 'प्रति' पुढची जागा कोरी. "कुठल्या देशाला लागतंय ते तू टाक," म्हणाले. ते पत्र सरांनी फाईलमध्ये ठेवलं आहे. पुढे जे शिक्के लागले त्यांच्या मानाने ते फार साधं आणि मायाळू वाटतं.

कारण खरा वेळ खातात ते कागद. सरांच्या नावात 'ज्ञ' आहे. एवढं सांगितलं की जाणत्याला पुढचं सगळं कळेल. दहावीच्या सनदेवर ते डी-एन-वाय आहेत, बारावीला एक वाय गळाला, पदवीवर जी-वाय झाले आणि पीएचडीच्या वेळी टंकलेखकाला दया आली म्हणून परत डी-एन-वाय. त्यात आपल्या मार्कमेमोवर आडनाव आधी, मग नाव, मग वडील. पासपोर्टवर नाव आधी, आडनाव शेवटी. वडिलांना कुठे 'राव' आहे, कुठे नाही. परदेशातल्या कुणी हे सगळे कागद एकत्र पाहिले तर त्याला वाटावं, नांदेडहून चौघं भाऊ अर्ज करताहेत आणि चौघंही इंग्रजीचे. मग प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात जाहिरात, राजपत्र. मी तोच मी आहे, हे महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात छापून आलं तेव्हा सरांच्या आईने पेढे वाटले. तिला वाटलं ऑर्डर आली.

नंतर पदवी निघाली प्रवासाला. भारत २००५ पासून कागदपत्रांच्या हेग करारात आहे. करारातल्या देशात जायचं असेल तर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिल चिकटली की पुरतं. सौदी अरेबिया २०२२ च्या डिसेंबरात त्यात आला, चीन २०२३ च्या नोव्हेंबरात. पण सरांना ज्या देशाने शेवटी हो म्हटलं तो त्यात नाही. म्हणून आधी मुंबईचा शिक्का, मग दिल्लीचा, मग वकिलातीचा. सरांची पदवी मुंबई पाहून आली, दिल्ली पाहून आली, चाणक्यपुरीत राहून आली. सर त्या काळात अहमदपूरच्या अलीकडे नाहीतर पलीकडे होते. त्यात पोलिसांचा चारित्र्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतला लागतो आणि वैद्यकीय तपासणी ताजी लागते. एक कागद पिकून येईपर्यंत दुसरा नासतो. सरांचं चारित्र्य दोनदा संपलं आणि दोनदा नव्याने काढावं लागलं.

हो म्हणणारा देश म्हणजे इथिओपिया.

घरात हे नाव पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा आई म्हणाली, "तिकडं दुष्काळ आसतोय म्हनं."

"माय, आपण लातूरचे आहोत."

"आपल्याकडं रेल्वेनं तर येतंय पाणी."

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली होती. तेव्हापासून दुष्काळाच्या बाबतीत आमच्याकडे थोडा श्रीमंतांचा ताठा आहे. पण इथिओपिया हा काही सरांनी लावलेला शोध नव्हे. सम्राट हैले सेलासीच्या काळापासून तिथल्या शाळांत भारतीय मास्तर शिकवत आले आहेत. नववीपासून तिथे शिक्षणाचं माध्यम इंग्रजी. २००० नंतर तिथे विद्यापीठं भराभर उघडली तेव्हा मेकेले, बहिरदार, जिम्मा अशा गावांना भारतातून प्राध्यापक गेले आणि त्यांत मराठवाड्यातलेही होते. मागे लिबिया, येमेनलाही असेच गेले. एका ज्येष्ठ सरांची कथा आमच्या कट्ट्यावर सांगतात, खरी-खोटी माहीत नाही. लिबियाला पोचायला त्यांना दोन वर्षं लागली. २०११ ला तिथे बंड झालं आणि भारत सरकारने सगळ्यांना परत आणलं. मग येमेनचं जुळवायला तीन वर्षं. २०१५ ला तिथे बॉम्ब पडू लागले, तर 'ऑपरेशन राहत'मध्ये नौदलाचं जहाज त्यांना जिबूतीपर्यंत घेऊन आलं. "जायला वर्षं लागतेत," ते म्हणायचे, "यायला सरकार चार दिवस लावतंय. ते बी फुकट." जिबूतीच्या शेजारीच इथिओपिया. तिथे अर्ज करू का, असं त्यांनी विचारलं तेव्हा सगळ्या सीएचबीवाल्यांनी हात जोडले, की सर, तेवढा एक देश आमच्यासाठी राहू द्या.

आमच्या सरांची मुलाखतही पहिल्या झटक्यात झाली नाही. अदिस अबाबातल्या शाळेतल्या बाईंनी फोनवर "चार वाजता" सांगितलं. इथिओपियाचं घड्याळ भारताच्या अडीच तास मागे. सरांनी हिशेब केला आणि संध्याकाळी साडेसहाला कोट घालून लॅपटॉपसमोर बसले. पण त्या देशात दिवस सूर्याबरोबर सुरू होतो. उजाडल्यावर आपण ज्याला सात म्हणू त्याला ते एक म्हणतात. त्यांचे चार म्हणजे तिथले सकाळचे दहा, आपले दुपारचे साडेबारा. शाळा दुपारी वाट बघून जेवायला गेली होती. दुसऱ्या खेपेला सर पहाटेपासूनच कोटात होते. उन्हाळा, लातूरचं घर. डेमो सुरू झाला, 'प्रेझेंट कंटिन्यूअस' शिकवायचा होता, आणि दहा दिवसांनी नळ आला. गल्लीत एकच ओरड. सरांच्या मागून आई घागर घेऊन गेली, मग बायको, मग मुलगी दोन बादल्या घेऊन, मग अण्णा नळीचं एक टोक धरून. पलीकडच्या मुख्याध्यापकांनी काळजीने विचारलं, सगळं ठीक आहे ना? सर डगमगले नाहीत. ते म्हणाले, बघा: आई पाणी भरते आहे, मुलगी धावते आहे, वडील ओरडत आहेत. आणि एकेक क्रियापद फळ्यावर लिहीत गेले. तीन आठवड्यांत नेमणुकीचं पत्र आलं.

म्हणजे ज्यांना शिक्षक पाहिजे होता त्यांनी एवढा वेळ घेतला: दोन मुलाखती आणि तीन आठवडे. एजंटाचे ४५ दिवस उलट जास्तच झाले म्हणायचे. बाकीची सगळी वर्षं सर आपल्याला हे पटवण्यात घालवत होते, की आपण आपणच आहोत, आपली पदवी आपलीच आहे आणि आपलं इंग्रजी अजून नासलेलं नाही.

करार झाला २०२४ च्या एप्रिलमध्ये, पगार त्यांच्या चलनात, बिरमध्ये. एक डॉलरला साधारण ५७ बिर असा भाव होता. सरांनी वहीत हिशेब मांडला, कर्जाचे हप्ते त्यात बसवले, पदवी चाणक्यपुरीला रवाना केली. ती तिथे शिक्क्याची वाट बघत असताना, २९ जुलैला, इथिओपियाने बिर मोकळा सोडला. पदवी शिक्का घेऊन परत आली तोवर डॉलर शंभर बिरच्या पुढे गेला होता. शिक्के पडत होते तिकडे पगारही पडत होता. अण्णांना हे कळल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. "म्हटलं न्हवं, आकडा ठरल्याबिगर शाळा नसती," ते म्हणाले. "ह्यांनी आपला मागनं काढून घेतला."

तरी सर गेले. नांदेडहून मुंबईला रेल्वेने जायला जेवढा वेळ लागला त्याच्या निम्म्या वेळात मुंबईहून अदिस अबाबाला पोचले. उतरून चार दिवस झाले नाहीत तोवर, ११ सप्टेंबरला, तिथे नवं वर्ष लागलं. इथिओपियाचं कॅलेंडर आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे चालतं. २०२४ सालच्या ११ सप्टेंबरला तिथे २०१७ उजाडलं. शिवाय वर्षाला महिने १३. बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि तेरावा उरलेल्या पाच-सहा दिवसांचा.

सरांनी त्या रात्री नांदेडला कट्ट्यावर फोन लावला आणि हे सगळं सांगितलं. स्पीकर चालू होता. तिकडे २०१७ लागलंय म्हटल्यावर सगळे गप्प झाले. मग सीएचबीतला सगळ्यात तरुण होता तो म्हणाला, "सर, म्हंजे पहिली टेट अजून व्हायचीच हाय की तिकडं. ह्या डिसेंबरात."

"हाव की," दुसरा म्हणाला, "आन् गाईड माझ्याकडं हाय, उत्तरासहित. व्हॉट्सअ‍ॅपला टाकू का?"

तिसऱ्या सरांना सीएचबीवर अकरा वर्षं झालेली. ते सुट्टीतल्या महिन्यांचं मानधन कापून घेता-घेता मुरलेले. त्यांनी फोन जवळ ओढला. "ते टेटचं राहू द्या, सर. तेराव्या महिन्याचा पगार देतेत का, एवढं आधी विचारून ठिवा."